तेरवीचं उरलेलं जेवण

तुम्ही नातवंडांनी फोनवर विचारलं होतं, आजोबांच्या तेरवीचं उरलेलं जेवण कुठे गेलं? मी ‘वाटून टाकलं’ एवढंच म्हणाले. ते पूर्ण खरं नव्हतं.

चूक माझ्या यादीची. आजोबांच्या साठीला केलेली यादी मी जपून ठेवली होती. तिच्यातली गेलेल्यांची नावं खोडली आणि राहिलेल्यांपुरता स्वयंपाक सांगितला. पण मधल्या वर्षांत तीही माणसं म्हातारी झाली होती. काहींना जिने उतरवेनात. आले त्यांनी एकेक पोळी खाल्ली, बुंदीला हात लावला नाही. दुपारी तीनला अंगणात भाताचे दोन गंज, म्हणजे मोठाली पातेली, आणि आलू-वांग्याच्या भाजीचा एक, अर्ध्याहून जास्त भरलेले उभे होते. मे महिन्याचं ऊन; संध्याकाळपर्यंत सगळं आंबणार. आणि आजोबा तर ताटात पाणी फिरवून तेही पिणारे.

मागच्या गल्लीत नोकरदार मुलींचं वसतिगृह आहे. तिथे फोन केला. घरी कार्यक्रम होता, जेवण उरलंय, म्हटलं. “पाठवा की,” तिथल्या बाई म्हणाल्या.

स्वयंपाकीणबाई गंजावर झाकण ठेवता ठेवता थांबल्या. “तेरवीचं हाय म्हणून सांगतलं का त्याईले?”

“नाही. सांगितलं तर घेणार नाहीत. बरेच लोक हे खात नाहीत.”

“मंग नाई घेतीन. येवढ्या शिकल्या तुम्ही बाई, अन् साहेबाईचं नाव काहून लपवून राहिल्या? चोरीचं हाय का हे जेवण?”

मी पुन्हा फोन लावला आणि खरं सांगितलं. पलीकडून बाई म्हणाल्या, “मुलींना विचारते.”

अर्ध्या तासाने पंधराएक मुली डबे, पातेली घेऊन दारात आल्या. बाकीच्या आल्या नाहीत. एकीने आजोबांच्या फोटोला नमस्कार केला आणि विचारलं, “आजोबांना यातलं काय आवडायचं?”

“भाजी.”

तिने भाजी जास्त घेतली.

भाजी संपली, बुंदी संपली. भाताचा एक गंज तसाच राहिला आणि आंबला. लिंबाच्या आळ्यात खड्डा करून मी आणि स्वयंपाकीणबाईंनी तो पुरला. न सांगता दिला असता तर तोही कुणाच्या पोटात गेला असता, हे माती लोटताना मला कळत होतं.

माझ्या तेरवीची यादी मी आता करून ठेवली आहे. कपाटाच्या वरच्या खणात आहे. नावं थोडीच आहेत. सगळ्यात वर ते वसतिगृह आहे, आणि पुढे लिहिलं आहे : आधी सांगावं, मग शिजवावं.