फलाटावर न आलेले

स्टेशनावर सगळे त्याला ‘प्रश्नवाले’ म्हणत. वेगवान रेल्वेमार्ग बांधावा की नाही, हे ठरवण्यासाठीच्या पाहणीत तो अठरा वर्षं फॉर्म भरून घेत होता. कुठे निघालात, किती वेळ लागतो, वर्षातून किती फेऱ्या. नियम एकच होता. विचारायचं ते फलाटावर उभ्या असलेल्यांनाच.

“काय प्रश्नवाले, माझ्या नातीच्या लग्नाला तरी धावेल का तुमची गाडी?” चहावाली विचारायची.

“नात केवढी आहे?”

“आधी लेकीचं तर जमू दे!”

यंदा अहवाल तिसऱ्यांदा परत आला. प्रवासी थोडे, सबब मार्गाची गरज नाही. त्या एका ओळीत त्याला अठरा वर्षांची चूक दिसली. तो साहेबांकडे गेला.

“साहेब, अकरा तास लागतात म्हणून जे घरातून निघतच नाहीत, ते आपण कधी मोजलेच नाहीत. माझंच बघा. आई या मार्गाच्या त्या टोकाला राहते.”

“वर्षातून किती वेळा जाता?”

“एकदा.”

“मग फॉर्मवर एकच लिहिणार ना? मनातल्या फेऱ्यांना रकाना नाही हो.”

साहेब वाईट नव्हते. त्यांनी त्याला बसायला खुर्चीही दिली.

मंगळवारी सकाळी सातला बहिणीचा फोन आला. “दादा, डॉक्टर म्हणतात, आता येऊन जा. ती सारखी दाराकडे बघतेय.”

हातातले फॉर्म चहावालीकडे ठेवून तो समोरच्या गाडीत चढला. बाहेर शेतं, कारखाने, पुन्हा शेतं. सगळं शांतपणे मागे सरकत होतं. दर तासाला फोन यायचा.

“कुठवर आलास?”

“अर्ध्यावर,” तो म्हणाला. अर्धं अजून लांब होतं.

साडेअकराला मालगाडीला वाट द्यायला गाडी थांबली. बहिणीने फोन आईच्या कानाला लावला.

“आई, आलोच मी.”

“सावकाश ये,” आई म्हणाली. “धावपळ करू नकोस.”

मालगाडी संपता संपेना. तो डबे मोजत राहिला. दुसरं काही करता येत नव्हतं. सत्तेचाळिसाव्या डब्याला फोन पुन्हा वाजला. बहीण नुसती रडत राहिली.

गाडी हलली. अजून साडेसहा तास होते.