दुखणं थांबलं तेव्हा

मुलगी पाच वर्षांची असताना तिची खालची दाढ किडली. आम्ही तेव्हा गोव्यात, डिचोलीला भाड्याच्या खोलीत राहायचो. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. दुधाचे दात, पडायचेच आहेत, त्यांच्यासाठी डॉक्टर कशाला? शेजारणीने फेणीत भिजवलेला कापसाचा बोळा दाढेत धरायला सांगितला. मोठ्यांना चालतं ते लेकराला का नाही, म्हणून मी तीन दिवस तोच उद्योग केला. पोर थुंकायची, मी जबडा दाबून धरायची.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आये, आता दुखना नाय."

मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली आणि शेजारणीला घावणे नेऊन दिले.

दोन दिवसांनी ती सकाळी तापाने फणफणून उठली. हनुवटीखाली दगडासारखी सूज. तोंड मिटत नव्हतं, लाळ गळत होती, जीभ वर उचललेली. श्वास घेताना घशात घरघर व्हायची. नवऱ्याने रिकामा ट्रक काढला आणि आम्ही म्हापशाच्या इस्पितळाकडे निघालो.

कोंकणी की मराठी, या भाषेच्या आंदोलनाचे दिवस होते, जागोजागी रस्ते अडवलेले. वाटेत झाड आडवं टाकलेलं, पलीकडे माणसं उभी. मी पोरीला घेऊन खाली उतरले आणि काय वाट्टेल ते बोलले. त्यात शिव्या नक्की होत्या. एकाने तिचं तोंड पाहिलं नि मागच्यांना हाक मारली. झाड सरकवायला जो वेळ लागला, तेवढा वेळ मी फक्त तिची छाती हलते का ते बघत होते. देवाला काय काय कबूल केलं ते आठवत नाही.

इस्पितळात हनुवटीखाली कापून पू काढला. डॉक्टर वयस्कर होत्या, कोंकणीतून बोलायच्या. दुखणं थांबलं कारण दाढेची शीर मेली होती, त्या म्हणाल्या. जंतू आधी दातावर चिकट थर करतात, गोड खातात, आणि त्यांनी सोडलेल्या आंबट रसाने दात पोखरला जातो. भोक पडलं की आत, हवा पोचत नाही तिथे, त्यांच्याहून वाईट जंतू बस्तान बसवतात. मग मुळातून जबड्यात. आज रात्रभर श्वासावर लक्ष ठेवायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. वाचेल असं म्हणाल्या नाहीत.

"पण हे जंतू इले खंयसून?" मी विचारलं.

"ल्हान आसतना हिका घांस चाबून कोण दितालें?"

मीच. चहात बुडवलेला उंडो पाव मी चावून मऊ करायची आणि तिच्या तोंडात घालायची. आमच्याकडे सगळ्याच आया करतात. भात गरम आहे का ते तिच्याच चमच्याने चाखून बघायची. माझ्या निम्म्या दाढा किडलेल्या, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. बाळाच्या तोंडात दात नसताना हे जंतू टिकत नाहीत, डॉक्टर म्हणाल्या. दात आले की घरच्यांच्या थुंकीतून येतात आणि घर करतात. त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली आणि तिने खायला मागितलं. नर्सने पेज आणून दिली. मी चमचा भरला, फुंकर घातली आणि सवयीने ओठांशी नेला. तिथेच माझा हात थांबला.

"आये, दी मगे," ती म्हणाली, आणि पट्टी बांधलेली हनुवटी सांभाळत तिने माझ्यासमोर तोंड उघडलं.