जीभ लावून सांगणारा माणूस

सागाच्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाला तो जीभ लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "नदीकाठचं आहे, बाबू. पाणी पिऊन वाढलं."

आलापल्लीच्या आमच्या लाकूड डेपोत तो ओंडक्यांवर खडूनं नंबर टाकायचा. मी तिथला बाबू. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, त्यामुळे कागदावर असेल तेच खरं मानायचो. मी रजिस्टर उघडून पाहायचो. ओंडका नदीकाठच्याच जंगलातला निघायचा. तोवर हा पुढच्या ओंडक्याशी पोचलेला असे.

"डोळ्यानं काय पाहून राह्यले? चाखा." हे त्याचं ठरलेलं वाक्य. नवा साहेब कसा वाटतो विचारलं तर म्हणाला, "अजून चाखला नाई."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. रोज कामावर भेटतात. आपण त्यांच्या लकबी तेवढ्या टिपून ठेवतो आणि चार लोकांत सांगून हसवतो.

त्याच्या गालात कायम खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटलेलं. "भाऊ, एवढा खर्रा खाऊन चव कशी कळते?" मी विचारायचो. "त्यानं तं जीभ जागी राह्यते, बाबू."

मागच्या हिवाळ्यात चंद्रपूरच्या माझ्या कॉलेजच्या मित्रानं, नरेशनं, आम्हा जुन्या दोस्तांना जेवायला बोलावलं. नाशिकहून त्यानं वाइनच्या चार बाटल्या आणल्या होत्या. त्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायच्या आणि लाकडी पिंपात मुरवलेली कोणती, ते नुसत्या चवीवरून ओळखायचं. फोनवर म्हणाला, "तुम्हा जंगलवाल्यांना मोहाच्या दारूशिवाय काय कळणार?" मला ते लागलं. मी म्हणालो, "माझ्याकडे माणूस आहे."

माणूस तयार नव्हता. त्याची बायको गावातली दारूची भट्टी बंद पाडणाऱ्या बायकांपैकी. "मी दारू पेत नाई, बाबू."

"प्यायची नाही. नुसतं लाकूड ओळखायचं. माझ्या इज्जतीचा सवाल आहे, भाऊ."

"असं म्हणता? मंग येतो."

वाटेत मी त्याला खर्रा घेऊन दिला. त्यानं तो खिशात ठेवला. चव घ्यायची म्हणून तोंड साफ ठेवत असेल, असं मला वाटलं.

पहिल्या घोटाला त्यानं डोळे मिटले. कडेनं पाणी आलं. "काका, वाइन आहे, मिरची नाही," नरेश म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या, तिसऱ्या घोटाला त्यानं नुसती मान हलवली. चौथा बराच वेळ तोंडात धरला. एका हातानं टेबलाची कड घट्ट पकडली होती.

"हे," तो म्हणाला. "आपल्या इथलं लाकूड नाई. पण लाकूड आहे."

नरेशनं कागद फाडला. तीच होती. टाळ्या पडल्या. माझा पदवीचा निकाल लागला त्या दिवशी बाप जसा गावभर फिरला होता, तसा मी त्या घरात फिरलो. जेवायला झणझणीत सावजी मटण होतं. त्यानं भातात पाणी घातलं आणि चिमूट चिमूट करून आत ढकलत राहिला. नरेशच्या बायकोनं आग्रह केला, तर म्हणाला, "राहू द्या, बाई. तोंडात चव आहे तेवढी पुरे."

महिनाभरानं माझ्या ध्यानात आलं की तो ओंडक्यांना जीभ लावत नाही. "काय भाऊ, चंद्रपूर गाजवून आल्यापासून भाव वाढला का?" मी चिडवलं.

त्यानं तोंड उघडलं. बोटभरच उघडलं. जिभेच्या कडेला पांढरी, चिरलेली जखम होती.

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

"म्हणजे त्या दिवशी..."

"आग झाली, बाबू. तुमच्या दोस्ताईसमोर कसं बोलू?"

"पण चव तर बरोबर ओळखली."

"चव कुठची? चव तं तवाच गेली होती. पयल्या तीन घोटानं लई जाळलं. चौथ्यानं कमी जाळलं, म्हणून तेच सांगतलं."

नागपूरला त्याची जीभ काढली. घरी आणल्यावर मी भेटायला गेलो. फळं न्यावीत तर खाणार कशी, म्हणून डेपोतून सागाची एक ताजी चकती नेली. काय विचार करून नेली, मला आजही सांगता येत नाही. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि सवयीनं तोंडाशी नेली. तिथंच थांबला. मग खांद्यावरच्या दुपट्ट्यानं स्वच्छ पुसली आणि माझ्या पिशवीत परत ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"घेऊन जा, बाबू," त्याची बायको म्हणाली. "घरात नका ठेवू."

पावसाळ्याआधी तो गेला. ओंडक्यांवर आता दुसरा माणूस नंबर टाकतो. अक्षर चांगलं आहे त्याचं.

परवा डेपोत कोणी नव्हतं. मी एका ओंडक्यासमोर वाकलो, डोळे मिटले आणि जीभ लावली. भुसा लागला. मग थुंकलो आणि आत जाऊन रजिस्टर उघडलं.