समुद्रकाठच्या दगडांचं आमच्याकडे काय झालं

ये, अशी जवळ सरकून बस. तू विशाखापट्टणमला आणि मी जबलपूरला, हे मला ठाऊक आहे, तरी बस. कानात ते बटन खुपसलेलं असेल तर आधी काढ, कारण मला रागवायचं आहे. फार नाही. बराचसा राग तुझ्या बाबांवर खर्च झाला, उरलासुरला तुझ्या वाट्याला.

या थंडीच्या सुरुवातीला तू फोटो पाठवलेस. मी नुकताच चहा टाकलेला, आणि फोन टुंग टुंग करून राहिला. एवढ्या सकाळी एवढे मेसेज म्हणजे नात्यातलं कोणीतरी गेलं, असं धरून मी गॅस बंद केला, हात पुसले, चष्मा लावला. पाहते तर दगड. समुद्राच्या काठाकाठानं वळत जाणारा रस्ता, मागे निळंशार पाणी, आणि रस्त्याच्या कडेला दगडावर दगड, त्याच्यावर दगड. माझ्या आईकडे मडक्यांची उतरंड असायची तशी. पण उतरंडीत मोठं मडकं खाली असतं; इथं भलामोठा धोंडा लिंबाएवढ्या गोट्यावर उभा. फोटोमागून फोटो. जवळून, दुरून, सूर्य उगवताना, सूर्य वर आल्यावर. एकाही फोटोत तू नाहीस, आणि खाली एक ओळ नाही. बाई गं, आईला दगड पाठवताना माणसानं निदान लिहावं की हे काय आहे.

तू लिहिलं नाहीस, म्हणून मग आम्हीच अर्थ लावला.

आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते तू विसरलीस वाटतं. लहानपणी तुला लम्हेटा घाटावर न्यायचो. नर्मदेच्या काठी, देवळाच्या मागच्या बाजूला, दगडांचे असेच छोटे छोटे मनोरे असायचे आणि तू ते पायानं पाडायला धावायचीस. मी तुझा दंड धरून ओढायची, कारण ते कोणाचं तरी घर असतं. ज्याला स्वतःचं घर नाही तो नदीवर येतो, दगडावर दगड रचतो आणि हात जोडतो, की मैया, मला असं घर होऊ दे. एक दगड म्हणजे एक मजला. भाड्याच्या खोलीतली माणसं दोन-तीन रचतात, हावरट असला तर पाच. आम्हीही रचले होते, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा. दोनच. खालचा आमचा, वरचा तुझा.

खालचा झाला. वरच्यासाठी बाबांनी स्लॅबमधून सळया बाहेर काढून ठेवल्या, त्या तू जन्मभर पाहिल्या आहेस. आता त्यांना गंज चढला, टोकांवर उलट्या बाटल्या घातल्या, दोन सळयांना मी कपड्यांची दोरी बांधली, एकीवर दोडक्याचा वेल चढला. पण पाहुणा आला की बाबा त्याला अजून वर नेतात. इथं पोरीची खोली, इथं तिचं स्वयंपाकघर, इथं बाथरूम, असं हवेत हात फिरवून दाखवतात, आणि पाहुण्याचा पाय कुठं पडला तर सांगतात, भिंतीतून काय जाता, दारातून या.

अशा घरात तू ते फोटो पाठवलेस.

सगळ्यात आधी ते शेजारच्या दीदीनं पाहिले. मी तिला दीदी म्हणते, ती मला दीदी म्हणते. मोठी कोण हे इतक्या वर्षांत ठरलं नाही आणि दोघींनाही ठरवायचं नाही. तिनं फोटो बोटांनी फाकवून मोठा केला, खालून वर बोट नेत मजले मोजले आणि म्हणाली, “बिटिया मकान ले रही है क्या वहाँ? सात मंज़िल?”

मी म्हटलं, छे. मग मीही मोजले. सातच. दीदीनं मला समजावलं की सगळे मजले कोणी घेत नसतं, हल्ली फ्लॅट असतात. आणि प्रत्येक फोटोत वेगळा मनोरा आहे, म्हणजे पोरगी अजून पसंत करून राहिली आहे. हा पहिला चांगला, पण याचा पाया बारीक. हा दुसरा समुद्राच्या फार जवळ, भिंतींना लोणा लागेल. मी हसून राहिली होती, पण माझं लक्ष तिच्या बोटाकडेच होतं. दोन दिवसांनी ब्लाऊजपीस घ्यायला आम्ही दोघी बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेलो, तर हिनं दुकानात बसल्या बसल्या सांगून टाकलं की दीदीच्या मुलीचं समुद्रावर घर होतंय. दुकानदारानं ब्लाऊजपीस बाजूला सारले आणि पडद्यांचे तागे उलगडले, समुद्राकडच्या खिडक्यांना ऊन फार लागतं म्हणून. मी नाही नाही म्हणत पडद्यांचं कापड घेऊन घरी आली. तू न घेतलेल्या घराच्या, मी न पाहिलेल्या खिडक्यांचं.

बाबांनी मात्र काही विचारलं नाही. फोन घेऊन ते व्हरांड्यात उजेडाला गेले. जन्मभर फॅक्टरीत माप तपासायचं काम केलेला माणूस. फोटो आडवा केला, उभा केला, आणि एवढंच बोलले की हे उभं राहूच शकत नाही, डिंक लावला असणार. मग वर गेले. बराच वेळ आले नाहीत, तशी मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं गेली. पाहते तर एका सळईला धरून उभे. बसमध्ये जागा मिळाली नाही की माणूस दांडा धरून उभा राहतो ना, तसे.

खाली आले आणि पनागरच्या वेल्डिंगवाल्याला फोन लावला. ग्राइंडर घेऊन ये, सळया कापायच्या आहेत, त्यांच्या मुळाशी पाणी मुरतं, खाली छताला ओल येते. मी मान वर करून पाहिलं. छत कोरडं ठणठणीत होतं.

रडायला मला वेळ नव्हता. मी ठरवलं, पोरगी समुद्राकडे घर मागते तर मी नर्मदेकडे मागते, पाहू कोणाचं चालतं. दीदीनं तिथंही कायदा काढला. म्हणे आपली मैया वाहते पश्चिमेला, बिटियाचा समुद्र पूर्वेला, ते हिच्या हद्दीत येतच नाही. मी म्हटलं, समुद्र सगळे आतून एकच असतात, निरोप पोचतो. शिवाय मी फोटो काढून पाठवणार होती. तू दगड दाखवतेस ना, मग माझेही पहा.

रविवारी लम्हेटा घाटाला जायला ऑटो केला. बाबांना कोणी बोलावलं नव्हतं, तरी पुढे येऊन बसले. ऑटोवाला तुम्हा दोघींना फिरवून फिरवून नेईल म्हणाले. मांडीवर पिशवी होती. घाटावर उघडली तर आत ओळंबा आणि पाणसळ, भिंत सरळ आहे की नाही ते पाहायचं सगळं सामान. सळया कापायला माणूस बोलावणारे हेच, आणि मजले चढवायला हत्यारं घेऊन आलेलेही हेच. मी काही विचारलं नाही. या वयात काही गोष्टी विचारल्या की बंद पडतात.

मला दोनच दगड रचायचे होते. दीदी म्हणाली, सातासमोर दोन काय दिसणार, आठ पाहिजेत. मग लागलो कामाला. पण पोरी, नर्मदेचा दगड म्हणजे पाण्यानं घोटून घोटून साबणाच्या वडीसारखा केलेला. दोन राहिले की तिसरा घसरे. बाबा गुडघ्यावर बसून ओळंबा सोडत होते, एक डोळा मिटून पाहत होते, दीदीला दगड बदलायला लावत होते. परिक्रमेचे दोन यात्रेकरू थांबले आणि इथं पूल होणार आहे का, असं विचारून गेले. शेवटी दीदीनं माशांना टाकायला घेतलेल्या कणकेच्या गोळ्या पुढे केल्या. बाबा आधी नाही म्हणाले, जोड दिलेलं काम खरं नाही. मग म्हणाले, लेव्हलपुरती लावू, दिसणार नाही अशी. दिसणार नाही अशी म्हणता म्हणता प्रत्येक मजल्याखाली लाटायला घेतल्याएवढी कणीक गेली.

आणि उभा राहिला गं. बाबांनी सगळ्यात वरच्या दगडावर पाणसळ ठेवली, त्यातला बुडबुडा हलत हलत मधोमध येऊन थांबला. तुझ्या बाबांचा चेहरा मी असा तुझ्या बारशाला पाहिला होता, त्यानंतर नाही. मला म्हणाले, काढ फोटो. दीदीला म्हणाले, हलू नको. दगडांनाही तेच म्हणाले.

मी फोन धरला, बटन शोधून राहिली, तेवढ्यात बकरी आली. गावातली, काळी, पोट फुगलेली. घाई नव्हती तिला. तिनं तळमजला हुंगला आणि खायला घेतला. बाबांना ओरडता येईना, ओरडलं तर हवेनं पडेल अशी भीती. तिनं तळमजल्याची कणीक संपवली, मग पहिल्याची, आणि आमची इमारत खालून बसत बसत आली. फोटो निघाला तो त्याच क्षणी. त्यात बकरी आहे, तिची पांढरी जीभ आहे, एक दगड अधांतरी आहे आणि कोपऱ्यात पाणसळ झेलणारा बाबांचा हात आहे.

दीदी म्हणाली, खाल्लं म्हणजे मैयानं स्वीकारलं. मी बाबांकडे पाहिलं. ते पायरीवर बसून ओळंब्याची दोरी गुंडाळत होते. गुंडाळून झाल्यावर म्हणाले, “तिला तिथंच घर पाहिजे असेल, तर आपण काहून आडवे पडून राहिलो?”

मला एकदम लक्षात आलं की हे सगळं झालं, दुकानदाराला कळलं, पनागरला कळलं, पण तुला कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणून तो बकरीचा फोटो तिथूनच तुला पाठवला. खाली एक ओळ लिहिली नाही, ती मुद्दामच. तुझा फोन लगेच आला. त्यापुढचं तुला माहीत आहे, पण इकडून कसं ऐकू आलं ते ऐक. तू विचारलंस बकरी कोणाची. मी विचारलं, “तू तिकडं घर घेऊन राहिली का?”

तुझ्या मागे कुठेतरी गाड्यांचा आवाज. मी मनात म्हटलं, आता हसेल. तू हसली नाहीस. म्हणालीस, “आई, तुला कोणी सांगितलं?”

कोण सांगणार? दगडांनी सांगितलं? ते तर तू नंतर सांगितलंस की ते दगड म्हणजे काहीच नाही. त्या रस्त्यावर एक माणूस ते सकाळी रचतो, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, संध्याकाळी तो स्वतःच उतरवून ठेवतो. तुला आवडले म्हणून तू फोटो काढलेस. घराची मागणी वगैरे तुला आठवतही नव्हती. पण ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर तू फ्लॅट पाहायला जात होतीस, ते खरंच. आणि घरी सांगितलं नाहीस, कारण सांगायचं म्हटलं की तुला डोळ्यांपुढे त्या सळया दिसायच्या. आम्ही चुकीच्या दारातून शिरलो आणि बरोबर खोलीत निघालो.

बाबांनी हात पुढे केला, मी फोन दिला. मला वाटलं आता मन मोकळं करतील. त्यांनी विचारलं की तो माणूस डिंक लावतो का. तू नाही म्हणालीस. पाणसळ ठेवतो का? नाही, नुसता बोटांनी अंदाज घेत बसतो. हे त्यांना पचायला वेळ लागला. मग विचारलं, फ्लॅट कितव्या मजल्यावर. तू म्हणालीस दुसऱ्या. मग ठीक, म्हणाले, जणू दुसऱ्यापर्यंतची परवानगी त्यांच्याकडे होती. आणि मग पायरीकडे पाहत म्हणाले, “इकडच्या सळया कापायला माणूस सांगितला आहे.”

तू म्हणालीस, “बाबा, मी येईपर्यंत थांबा.”

बस. एवढ्या एका वाक्यावर आता हे घर उभं आहे. पनागरचा माणूस ग्राइंडर घेऊन आला, त्याला चहा दिला, वर नेऊन तुझी खोली, तुझं स्वयंपाकघर दाखवलं आणि परत पाठवलं. आता तो दर आठवड्याला फोन करून विचारतो की बिटिया आली का. बाबा म्हणतात, येतेय. सळयांना त्यांनी गंज थांबवायचा रंग लावून घेतला. कापायच्या असत्या तर लावला असता का, असं मी विचारलं तर म्हणाले कापेपर्यंत तरी नीट राहू दे.

घे गं तू फ्लॅट. समुद्रावर घे, दुसऱ्या मजल्यावर घे, आमची काही हरकत नाही, मी मनापासून सांगते. पण वरच्या मजल्याचं फोनवर ठरत नाही, आणि दगडांवरून तर मुळीच नाही. तू स्वतः स्लॅबवर उभी राहा, चारी बाजूंना पाहा आणि आमच्या तोंडावर सांग, कापा म्हणून, नाहीतर दार कोणत्या अंगाला पाहिजे ते. जे सांगशील ते बाबा ऐकतील, मी ऐकेन. थंडी सरायच्या आत ये. दोन दिवस मिळाले तर दोन दिवस, पण ये.