उन्हाची खिडकी

मेडशीहून वाशिमला जाणाऱ्या एसटीत एक मावशी मुद्दाम उन्हाच्या बाजूला बसल्या. मांडीवरच्या डब्यात लिंबाएवढं गोल, काटेरी रोप होतं आणि त्यावर एक कळी.

"फड्या निवडुंग का?" मी विचारलं.

"फड्या चपटा असते. याले खरबुजासारख्या फाका हायेत, पहा." काटे चुकवत त्यांनी खाचेतून बोट फिरवलं. "बहीण म्हने, हे फुलत नाई, फेकून दे. म्या म्हनलं, ऊन तं पुरू दे त्याले. आता तिलेच दाखवाले नेऊन राह्यली."

वाटेत कळी उमलली, पिवळीधमक. मावशींनी वाऱ्याला पदर आडवा धरला.

स्टँडवर बहीण उभी होती. ती फुलाकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "याले पिल्लू आलं की मले दे."

मावशी इतक्या खुशीत हसल्या की उतरणारे आम्हीही हसलो.