चोचवाला हापूस

सावर्ड्याच्या बाजारात भल्यामोठ्या आंब्याच्या आकाराची गाडी आली होती. आंब्याच्या रसाची जाहिरात होती ती. माइकवाला "अस्सल हापूस" म्हणत फुकट कप वाटत होता. फुकटचं मला संशय घेतल्याशिवाय गिळवत नाही. कप हातात धरून मी गाडीभोवती फिरले, तर मागच्या टोकाला चोच.

"चोच तोतापुरीला असते. हापूसला नसते," मी म्हटलं.

"मावशी, गाडीच आहे हो ती," तो हसला.

जन्म हापूसच्या कलमांखाली गेलाय माझा. मी कप तसाच परत ठेवला.

पुढच्या वर्षी तीच गाडी आली. चोच घासून काढून वर नवा रंग दिला होता. या वेळी मी एक घोट घेतला. रसाला चोच तशीच होती.