आठ लहान, की तीन मोठे?

"बाई, ह्या तं मुंग्या होय जी! वाचू कसं?"

प्रणालीने ई-रीडर माझ्या टेबलावर ठेवला. ते यंत्र मीच निवडलं होतं. एक नाही, आठ.

मी कुरखेड्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. एका देणगीदाराने आमच्या अभ्यासिकेला ई-रीडर द्यायचं कबूल केलं होतं. ई-रीडर म्हणजे पुस्तकं वाचायची पाटी. स्क्रीन कागदासारखी, डोळ्यांना त्रास नाही, एकदा चार्ज केली की कितीतरी दिवस पाहायला नको. तिथे येणारी प्रणाली दिवसभर दुसऱ्यांच्या भाताच्या बांधीत रोवणी करायची आणि संध्याकाळी अभ्यासाला बसायची. जंगलातलं गाव, लाईटचा भरवसा नाही. मोबाईलवर वाचून तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. वनरक्षकाची परीक्षा महिन्यावर होती. वयाच्या अटीत बसायची तिची ही शेवटची खेप.

चूक कुठे झाली ते सांगते. चंद्रपूरच्या दुकानात मी यंत्र पाहिलं तेव्हा त्यात दुकानदाराने टाकलेली कादंबरी होती. ती ईपब फाईल. ईपबमधला मजकूर स्क्रीन पाहून आपोआप बसतो, अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात. मी भाळले आणि "आठ द्या" म्हणाले. आमच्या पोरांकडे ईपब कुठली! त्यांच्याकडे सरांच्या हाताने लिहिलेल्या नोट्स. झेरॉक्स कमी लागावी म्हणून एका कागदावर दोन पानं, आणि त्याची मोबाईलने काढलेली पीडीएफ. पीडीएफ म्हणजे असा कागदाचा फोटोच. सहा इंची स्क्रीनवर त्याच्या मुंग्याच होणार. मोठं करावं तर अर्धी ओळ बाहेर, आणि सरकवावं तर यंत्र विचार करत बसतं. इतकी वर्षं वाचणाऱ्या लोकांत काढली, आणि मला एवढं सुचू नये! स्वतःचाच इतका राग आला.

डबे आले त्याच दिवशी उघडले असते तर बरं झालं असतं. पण वाचनालयाच्या अध्यक्षांचा हुकूम होता, उद्घाटनाआधी सील तोडायचं नाही. सहाव्या दिवशी मी गुपचूप एक डबा फोडला, प्रणालीची फाईल टाकून यंत्र तिच्या हातात दिलं आणि हे निघालं. दुकानाची अट, सीलबंद माल सात दिवसांतच बदलून मिळेल. म्हणजे उद्या शेवटचा दिवस.

अध्यक्षांना फोन लावला. "भाऊ, मोठ्या स्क्रीनचे आणावे लागतील. पण याच्या बदल्यात तीनच येतील."

"तीन? बाई, पत्रिकेत आठ छापले हाय! फोटोत तीन दिसले तं लोकं हासतीन ना!"

"मग अक्षर न दिसणारे आठ वाटायचे?"

"आता वाटू, मंग पाहू."

"मंग काय पाहता भाऊ? मंग त्या पोरीचं वय निघून जाते! मी उद्या चंद्रपूरले जाऊन राह्यली. काढायचं तं काढा मले." फोन मीच ठेवला.

सकाळची एसटी धरली. वडशाला बस बदलली. मांडीवर डब्यांची पिशवी, पर्समध्ये पेन ड्राइव्हवर प्रणालीची फाईल. दुकानात पोचले तेव्हा दुपार झाली होती.

"मॅडम, बदलून म्हणजे पीस खराब निघाला तं," दुकानदार म्हणाला. "हे तं चालू हाय. पीडीएफ बी चालते, डब्यावर लिहून हाय."

"चालते ना?" मी फोडलेलं यंत्र पुढे केलं. "मग या फाईलमधला तिसरा प्रश्न वाचून दाखवा. तुम्ही वाचला, की मी आठही घेऊन परत जाते."

बोलून तर गेले. पण त्याने खरंच वाचला असता तर? त्याने चष्मा लावला. दाराशी उजेडात गेला. डोळे बारीक केले. बोटांनी मोठं केलं तर अर्धा प्रश्न पळाला. सरकवलं तर पान कोरं.

"हे तं जुलूम हाय," तो शेवटी म्हणाला. "पण सातच घेतो. फोडलेलं तुमचं."

"चालते."

त्याने दहा इंची दोन मॉडेलं काढली. पहिल्यात फाईल टाकायला इंटरनेटवर खातं लागत होतं. प्रणालीच्या गावात टॉवर नाही. ते बाजूला ठेवायला लावलं. दुसऱ्यात वायर लावून पेन ड्राइव्हसारखी फाईल टाकता आली. तिसरा प्रश्न मी मोठ्याने वाचला, चारही पर्यायांसकट. सातांच्या बदल्यात तसले तीन घेतले.

उद्घाटनाच्या फोटोत अध्यक्षांचं तोंड पाहण्यासारखं आहे. पोरं पाळीपाळीने वाचू लागली. प्रणालीला मात्र एक यंत्र महिनाभर घरी दिलं, समितीला न विचारता.

पुढे ती वनरक्षक होऊन खाकी वर्दीत आली. पोस्टिंग आलापल्लीकडे. अध्यक्षांनी शाल घातली आणि भाषणात म्हणाले, "आठ नको, तीनच घ्या, असं मीच बाईले म्हटलं होतं." मीही टाळ्या वाजवल्या.

फोडलेलं आठवं यंत्र माझ्या टेबलावर असतं. त्यात मी कादंबऱ्या वाचते आणि ते उत्तम चालतं. पहिल्या खेपेला दुकानात मी पिशवी नेली होती, यादी नेली होती, देणगीदाराचं पत्र नेलं होतं. प्रणालीला तेवढं नेलं नव्हतं.